यंत्रासमोरच्या चपला

धाराशिवच्या आमच्या ऑफिसात एक खोली आहे, तिला सगळे स्क्रीनची खोली म्हणतात. त्या खोलीत मी बसते. जिल्ह्यातल्या टेकड्यांवर रेडिओची लहान लहान प्रक्षेपण केंद्रं आहेत. तिथं आता कुणी तंत्रज्ञ नसतो, बाहेर एक वॉचमन तेवढा असतो, यंत्र आपलं आपणच चालतं. ते किती ताकदीनं बोलतंय, किती तापलंय, वीज आहे का गेली, हे सगळं मला इथं दिसतं. मी इथं बटण दाबलं की उमरग्याच्या पुढच्या टेकडीवरचं यंत्र सुरू होतं, दुसरं दाबलं की बंद. लोकांना सांगितलं की म्हणतात, वा, लई भारी काम, एसीत बसून. मी म्हणते, या एकदा बसायला. एसी बंद पडून किती दिवस झाले ते आता कुणाला आठवतही नाही.

पूर्वी मी त्या टेकडीवरच ड्यूटीला होते. तेव्हा पाळ्या असायच्या, चहा असायचा, भांडणं असायची. आणि मामा असायचे. मामा तेर गावचे. माझ्या नात्यातले नव्हेत, ऑफिसात वयानं मोठ्या माणसाला मामा म्हणतात तसे. टॉवरवर चढणारा माणूस तो एकच. आता ते रिटायर झालेत, तरी टॉवरचं काही निघालं की त्यांनाच बोलावणं जातं, कारण दुसरं कुणी चढायला तयार होत नाही. मी तर खालून मान वर करूनसुद्धा बघत नाही.

मामांची एक रीत होती. यंत्राच्या खोलीत धूळ चालत नाही, म्हणून चपला सगळेच दाराबाहेर काढतात. मामा मात्र टॉवरवर जायचं असलं की आधी यंत्र बंद करायचे, मग बाहेरच्या चपला हातात घेऊन परत आत यायचे आणि यंत्राच्या अगदी समोर ठेवायचे, टोकं यंत्राकडं करून. टायरच्या जाडजूड चपला. मग अनवाणी टॉवरकडं जायचे, आणि खाली उतरले की मगच त्या उचलायचे. त्या चपला तिथं आहेत तोवर यंत्राला कुणी हात लावायचा नाही, मग तो साहेब असो की शिपाई. हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. नवीन माणूस आला की त्याला संडास कुठं आहे ते सांगायचे, तसंच हेही सांगायचे.

ह्यात गंमत काही नव्हती. टॉवरवर अँटेना असतात, आणि यंत्र सुरू असताना तिथं हात लागला की भाजतो. भाजलेला हात पकड सोडतो. कमरेला पट्टा असतो, पण चढताना तो एका जागचा सोडून दुसऱ्या जागी अडकवावा लागतो, आणि नेमका त्याच वेळी हात सुटला तर पुढचं मी बोलत नाही.

म्हणून मामांच्या शर्टाच्या खिशात एक छोटा रेडिओही असायचा, आमच्याच केंद्रावर लावलेला. यंत्र बंद असलं की तो नुसता खरखरायचा. मामा मला सांगायचे, "बाई, खरखर हाय तवर चढायचं. बोलाया लागला की गपचिप खाली यायचं." मला चढायचं नव्हतंच, तरी दर खेपेला सांगायचे.

मग टेकडीवरची माणसं काढली आणि तिथं एक डबा बसवला. तो डबा यंत्राची सगळी खबर मला पाठवतो आणि माझे हुकूम यंत्राला देतो. शिवाय यंत्र बंद पडलं तर थोडा वेळ थांबून तो आपणहून ते सुरू करून बघतो. नाही झालं तर परत करतो. आमच्याकडं वीज कशी येते-जाते ते काय सांगायला हवं? डबा नसता तर मी जेवणाचा घास सोडून पळत राहिले असते. त्याचं कौतुक मी चारचौघांत केलेलं आहे. पण यंत्र आपोआप बंद पडलं की कुणी हातानं बंद केलं, हे त्याला कळत नाही. त्यासाठी यंत्रावर एक चावी आहे. ती इकडं फिरवली की यंत्र डब्याचं ऐकतं, तिकडं फिरवली की फक्त समोर उभ्या असलेल्या माणसाचं. मामांच्या नोकरीत ती चावी नव्हतीच. त्यांचं काम निघालं की मी सोबत जाते आणि चावी मीच फिरवते, त्यामुळं त्यांनी तिच्याकडं कधी लक्षच दिलं नाही.

त्या दिवशी मी धाराशिवलाच होते. टेकडीच्या टॉवरच्या टोकावरचा लाल दिवा गेला होता, आणि तो बदलायचं काम दुसऱ्या दिवशी ठरलेलं होतं. गाडी सांगून ठेवली होती, मामांना निरोप दिला होता. सकाळची कामं उरकून मी चहा घेत होते, तेवढ्यात स्क्रीनवर त्या केंद्राची रेघ लाल झाली. ताकद शून्य. वीज मात्र आहे.

मी म्हटलं, बंद पडलं मेलं. हात बटणाकडं गेला.

पण माझी एक खोड आहे. बटण दाबायच्या आधी मी तिथला फोटो मागवते. खोलीत एक कॅमेरा आहे, पण तो सतत काही दाखवत नाही, मागितला तरच एक फोटो पाठवतो. साहेबांना ही खोड आवडत नव्हती. फोटो जड असतो, टेकडीवरची नेटची लाईन अशक्त, फोटो येईपर्यंत बाकी सगळं अडून बसतं. साहेब मोठ्या शहरातनं आलेले, माणूस वाईट नाही, पण सगळं झटपट लागतं. ते दारातनंच म्हणाले, "मॅडम, रिसेट केलं का? वरून फोन येतोय."

"फोटो येतोय, साहेब."

"फोटो कशाला? यंत्र कुठं पळून गेलंय का?"

फोटो वरून खाली उतरत आला. आधी भिंत, मग पंखा, मग यंत्राचं तोंड. मग फरशी. फरशीवर दोन काळे डाग. डाग कसले, चपला. टोकं यंत्राकडं.

आई भवानी, मामा वर आहेत.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, वॉचमनच्या असतील. चपला काढूनच जातात ना आत?"

"बाहेर काढतात. आत नाही. आणि वॉचमन बूट घालतो."

"पण काम उद्या आहे."

"काम उद्या आहे, चपला आज आहेत!" मी ओरडले. साहेबांवर मी कधी ओरडले नव्हते. त्यांना चपलांची रीत कुठून माहीत असणार, त्यांना ती कुणी सांगितलीच नव्हती. मी सांगितली, अर्धी मराठीत आणि अर्धी हातवाऱ्यांनी, आणि सांगता सांगताच माझ्या डोक्यात उजेड पडला की बटण मी दाबलं नाही म्हणून काही वाचत नाही. डबा आहे. यंत्र बंद आहे एवढंच त्याला दिसतंय, आणि तो आता वाट बघतोय. थोड्या वेळानं तो यंत्र सुरू करणार. कुणाला न विचारता, इमानेइतबारे.

मी हुकूम दिला: आपोआप सुरू करू नको. स्क्रीनवर गोल फिरायला लागला. "पाठवत आहे." फिरतोय, फिरतोय. फोटोनं लाईन दमवली होती. मी कॅमेरा बंद केला, परत हुकूम दिला. गोल फिरतोच आहे. मी त्या स्क्रीनला अशा शिव्या दिल्या की साहेबांनी दुसरीकडं बघितलं.

मामांना फोन लावला. बंद. वर जाताना ते फोन पिशवीत ठेवतात, हे मला माहीतच होतं, तरी लावला. वॉचमनला लावला. "आपण संपर्क करू इच्छित असलेला ग्राहक." बाई, मला माहीत आहे ग तुझा ग्राहक कुठं आहे! टेकडीवर रेंजच नाही. रेंज येते ती खाली रस्त्यालगतच्या चिंचेखाली, आणि तिथं ह्या वेळेला कोण उभं राहतंय?

साहेब म्हणाले, "उमरग्याला कुणाला तरी पाठवू या. गाडी..."

"गाडी पोचेपर्यंत, साहेब?"

त्यांचाही चेहरा उतरला होता. त्यांचा फोन टेबलावर वाजत होता आणि ते तो उचलत नव्हते.

हुकूम जात नाही, फोन लागत नाही. यंत्र सुरू होऊ द्यायचं नसेल तर राहिलं काय? वीज. आणि विजेचा विचार आला तसा मला सबस्टेशनचा ऑपरेटर आठवला. आमच्या टेकडीला आणि खालच्या तीन गावांना एकाच फीडरवरनं, म्हणजे विजेच्या एकाच मोठ्या तारेवरनं, लाईट जाते, आणि तो फीडर त्याच्या हातात. त्याची-माझी ओळख म्हणजे निव्वळ भांडणाची. लाईट गेली की मी त्याला फोन करून झाडते, तो मला म्हणतो, मॅडम, मी काय लाईट खिशात घालून बसलोय का? त्याचा नंबर मला पाठ आहे.

त्यानं उचलला. माझा आवाज ऐकून म्हणाला, "मॅडम, लाईट हाय. शपथ. आत्ता मीटरकडंच बघतोय."

"भाऊ, घालवा."

"आँ?"

"घालवा ती लाईट! आत्ता! फीडर पाडा!"

तो हसला. "रोज लाईट द्या म्हणून जीव खाताव, आज..."

"माणूस वर आहे, भाऊ! टॉवरवर. आणि यंत्र आपोआप लागणार आहे."

हसू तिथंच तुटलं. विजेच्या माणसाला "माणूस वर आहे" एवढं पुरतं. त्यानं ना अर्ज मागितला, ना साहेबाचं नाव विचारलं. फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला, आणि त्याच्या चपला फरशीवरनं पळत गेल्याच्या.

मी स्क्रीनकडं बघत होते. गोल अजून फिरत होता. आणि त्याच्या वर, ताकदीचा आकडा हलला. शून्य होता, तो वर सरकायला लागला. डब्यानं यंत्र लावलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर आकडा चढत होता आणि मी इकडं टेबलाची कड घट्ट धरून बसले होते.

मग सगळंच एकदम गेलं. ताकद नाही, वीज नाही, संपर्क नाही. त्या केंद्राच्या नावासमोर राखाडी पट्टी. तिथं जनरेटर नाही, आणि वीज गेली तरी डबा चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या फुगून बसल्या होत्या. त्या बदला म्हणून मी ओरडून ओरडून घसा कोरडा केला होता. आज त्या मेल्या म्हणून मला हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी वाटेनासं झालं. कारण आता मला काहीच दिसत नव्हतं.

फीडर पडला, पण आकडा आधी चढला होता. किती चढला? त्या वेळी मामा कुठं होते? अँटेनाच्या खाली, का वर, का नेमके तिथंच? हात कुठं होता?

ऑपरेटर परत फोनवर आला. "पाडला, मॅडम. तुम्ही सांगेस्तवर उचलत न्हाय. अन् आमचा वायरमन तिकडंच हाय, त्याला गाडीवर पाठवतो वर." मी नुसतं "हं" म्हटलं.

मग बसून राहायचं. मी आयुष्यात इतकी निरुपयोगी कधी झाले नव्हते. समोर जिल्ह्याभराची यंत्रं हिरवी दिसत होती, इकडं बटण दाबलं की तिकडं हलत होतं, आणि एका माणसाला "खाली उतरा" म्हणायची सोय माझ्याकडं नव्हती. मी मामांवर चिडले. का गेलात न सांगता? एक दिवस दम निघत नव्हता? मग त्या डब्यावर चिडले, मग तो बसवणाऱ्यांवर. चिडले की माझे डोळे भरतात, लहानपणापासनं. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांचा फोन पुन्हा वाजला तेव्हा त्यांनी तो उचलला आणि एवढंच बोलले, "आमचा माणूस टॉवरवर आहे. तो खाली येईपर्यंत रेडिओ बंद राहील." आणि ठेवून दिला. त्या दिवसापासून मी साहेबांबद्दल कुणाचं काही ऐकून घेत नाही.

माझा फोन वाजला तो अनोळखी नंबरवरनं. वायरमन असणार. आता हा काय सांगणार? माझा हातच पुढं होईना. साहेबांनी फोन उचलून माझ्या कानाला लावला.

"बाई, लाईट कशापायी घालवली? आता दिवा लागतोय का न्हाय ते म्या कसं बघू?"

मामा.

"बाई?"

"कुठं आहात तुम्ही?"

"खाली की. चिंचंपाशी. ह्यो वायरमन टॉवरखाली उभा राहून बोंबलत हुता, म्हनून उतरलो. रेंज न्हाय म्हनून गाडीवर बसवून हितं आनलं त्यानं. काय झालं काय?"

"लागलं का कुठं? हात? हात बघा तुमचे."

"हाताला काय धाड भरलीया?"

मी विचारलं, "खिशातला रेडिओ बोलला का मामा?"

"बोलला की. म्या वरच्या अँटेनाच्या खाली हुतो. पट्टा सोडला, हात वर केला, अन् खिशात एकदम रेडिओवरची बाई बोलाया लागली. जरा बोलली अन् गप."

हात वर केला. पट्टा सोडला. हे सगळं ते भाजी आणायला गेल्यासारखं सांगत होते.

"मग उतरलात ना लगेच?"

"उतरायचं कशाला? म्हनलं, आमच्या बाईकडनं चुकून लागलं आसंल. चपला दिसल्या, लगेच बंद केलं. म्या गेलो वर." आणि मग जरा कौतुकानंच म्हणाले, "आज वारा न्हवता, म्हनून आलो. उद्या सुटणार हाय. चपला मुद्दाम जरा अलीकडं ठिवल्या, तुमच्या त्या कॅमेऱ्याला दिसतील अशा. म्हनलं, बाई हायच तिकडं बघत."

माझा तोल गेला. "कुणी बघत नाही मामा! ऐकताय का? इथं कुणी बसून बघत नाही! तो कॅमेरा खिडकी नव्हे, मागितला तर एक फोटो देतो. मी मागितला म्हणून दिसल्या चपला. चहाला अजून थोडं थांबले असते तर दिसल्या नसत्या. त्या डब्याला चपला कळत नाहीत! त्यानं लावलं होतं यंत्र. मी नाही, त्यानं! तीन गावांची लाईट घालवली म्हणून तुम्ही बोलताय माझ्याशी!"

बोलून गेले आणि मग कळलं की मी किंचाळत होते. चिंचेखालनं एक ट्रक गेल्याचा आवाज आला. वायरमननं काहीतरी विचारलं.

मग मामा हळू बोलले. "मग आता वर जायचं ते कुनाच्या भरवशावर, बाई?"

साहेब तिथंच उभे होते, त्यांनी ऐकलं असणार, कारण मामांचा आवाज फोनबाहेर येतोच.

मी म्हटलं, "आज राहू द्या. घरी जा."

"दिवा बसवून झाल्याबिगर म्या जात न्हाय. आर्धा पिळून आलोय तिथं."

त्यांच्यापुढं काय बोलायचं! मी त्यांना चावी सांगितली, शाळेतल्या पोराला सांगावं तशी. कुठं आहे, कुठल्या बाजूला फिरवायची. फिरवून काढायची आणि खिशात टाकायची, रेडिओच्या खिशात. त्यांनी सगळं एकदा म्हणून दाखवलं. चावी फिरवून ते परत चिंचेखाली आले आणि "फिरवली, खिशात हाय" म्हणाले, तेव्हाच मी ऑपरेटरला फीडर उचलायला सांगितलं. राखाडी पट्टी गेली. मी मुद्दाम सुरू करायचं बटण दाबून बघितलं. स्क्रीननं सांगितलं: हुकूम मानला जाणार नाही. माझा शब्द कुणी मोडल्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग फोटो मागवला. भिंत, पंखा, यंत्र, फरशी. फरशीवर चपला होत्या. पण ह्या खेपेला टोकं यंत्राकडं नव्हती. कॅमेऱ्याकडं होती.

साहेबांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले. एक फोटो पूर्ण आला की मी दुसरा मागवत होते. लाईन अडली तर अडू दे. चपला, परत चपला, परत चपला. जेवणाची सुट्टी झाली, बाहेर डबे उघडल्याचे आवाज आले, आम्ही दोघंही उठलो नाही.

शेवटी एक फोटो आला, त्यात फरशी मोकळी होती.

"परत मागवा," साहेब म्हणाले.

मी परत मागवला. फरशी मोकळीच होती.